शेवटच्या पंचवीस किलोमीटरची गाडी सोडा

प्रति,
उपाध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालक, महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ
प्रत माहितीसाठी आणि कार्यवाहीसाठी: वन विभाग, तसेच पावसाळी पर्यटनस्थळं असलेल्या जिल्ह्यांचे जिल्हाधिकारी

सप्रेम नमस्कार.

पावसाळ्याच्या तोंडावर सरकारी कागद दोन तऱ्हेचे निघतात. एक आषाढीच्या जादा गाड्यांचा. दुसरा मनाई आदेशाचा: अमुक धबधब्यावर जाऊ नये, तमुक धरणाच्या पाण्यात उतरू नये. दोन्हींबद्दल तक्रार नाही. पण जून ते ऑक्टोबर दर रविवारी लाखो माणसं लेकराबाळांना घेऊन पाऊस, डोंगर, फुलं बघायला बाहेर पडतात. त्यांनी कुठल्या गाडीने जावं आणि कुठल्या गाडीने परतावं, हे सांगणारा तिसरा कागद आजवर निघालेला नाही. त्या कागदासाठी हे पत्र.

आम्ही एसटीने सहलीला जाणारी कुटुंबं. घरात चारचाकी नाही, किंवा असली तरी आजी-आजोबांसकट सगळे तीत मावत नाहीत. वर्षातून तीन-चार वेळा एका दिवसाची सहल, दीड-दोन हजारांच्या आत, सकाळी निघून रात्री घरी, एवढाच आमचा बेत असतो. रिसॉर्ट नको, पॅकेज नको. घरून थालीपीठ-चटणी बांधून नेणारी ही जमात आहे. आमच्यामुळे कुणाचा धंदा मोठासा होत नाही हे मान्य, पण आपल्या गाड्या आमच्यासारख्यांनीच भरतात.

तिकीट महाग आहे ही आमची तक्रार नाही, हे आधी स्पष्ट करतो. जानेवारी २०२५ मध्ये १४.९५ टक्के भाडेवाढ झाली, तरीही एकत्र कुटुंबाला एसटीइतकं स्वस्त वाहन दुसरं नाही. महिलांना अर्धं तिकीट मार्च २०२३ पासून आहे. ५ ते १२ वर्षांच्या मुलांना अर्धं. ६५ ते ७५ वर्षांच्या ज्येष्ठांना अर्धं, आणि ७५ च्या पुढच्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत. रेल्वेने ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये काढली, त्यामुळे आजी-आजोबांना सोबत न्यायचं तर आधार उरला तो आपलाच.

हिशोब मांडून दाखवतो. एसटीचा टप्पा ६ किलोमीटरचा, साध्या गाडीला टप्प्यामागे साधारण १० रुपये. २५ किलोमीटरला ५ टप्पे, म्हणजे पूर्ण तिकीट ५० च्या आसपास. बाबांचे ५०, आईचे २५, नऊ वर्षांच्या मुलीचे २५, अडुसष्ट वर्षांच्या आजीचे २५, सत्त्याहत्तरीच्या आजोबांचे शून्य. पाच माणसं एका बाजूने सव्वाशे रुपयांत, जाऊन-येऊन अडीचशेत. पाच-दहा रुपये इकडेतिकडे. आजोबांचं आधार कार्ड घरी विसरलं नाही म्हणजे झालं.

मग सहल महाग होते कुठे? मुंबई-पुण्यापासून तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या स्टँडपर्यंत नाही. त्यापुढच्या वीस-पंचवीस किलोमीटरला. तिथे गाडी मिळत नाही, मिळाली तर परतीची नसते. मग पूर्ण जीप ठरवावी लागते. जीपवाला माणशी भाव सांगत नाही. गाडीचा सांगतो, वर थांबण्याचा वेगळा. ज्या अंतराला एसटीत अडीचशे लागले असते, तिथे शंभर-दीडशे किलोमीटरच्या मुख्य प्रवासापेक्षा जास्त पैसे जातात. या जीपला सातारा-कोल्हापूरकडे वडाप म्हणतात, नाशिक-नगरकडे काळीपिवळी. नऊ जणांच्या जागेत चौदा जण कोंबून, मागचं दार उघडं ठेवून, पावसाने निसरड्या झालेल्या घाटातून ती खाली येते. त्या चालकाला दोष देण्यात अर्थ नाही. जिथे गाडी नाही तिथे तो आहे.

महामंडळाचं उत्तर ठाऊक आहे: 'त्या गावांना आमच्या फेऱ्या आहेत.' आहेत, खऱ्या आहेत. पण त्या कशा आहेत ते बघा.

डोंगरातल्या गावाची गाडी मुक्कामी असते. संध्याकाळी तालुक्याहून निघते, रात्री गावात थांबते, पहाटे सहा-साडेसहाला गावकऱ्यांना, दूधवाल्यांना, कॉलेजच्या पोरांना घेऊन खाली उतरते. गावासाठी हे अगदी योग्य वेळापत्रक आहे आणि त्याला कुणी हात लावू नये. पण सहलीला जाणारा माणूस नेमका उलट्या दिशेने चालतो. त्याला सकाळी वर जायचं असतं आणि संध्याकाळी खाली यायचं असतं. सकाळी गाडी खाली येते तेव्हा तो खाली स्टँडवर उभा, संध्याकाळी गाडी वर जाते तेव्हा तो वर फाट्यावर उभा. दोघांची भेट होते ती फक्त घाटात, समोरासमोर.

दुपारची एखादी फेरी असते ती शाळेसाठी. शाळा सुटायच्या वेळेला धरून ती आखलेली, आणि रविवारी, दिवाळीच्या सुट्टीत, मे महिन्यात शाळा नाही म्हणून तीही रद्द. म्हणजे ज्या दिवशी कुटुंबं बाहेर पडतात नेमक्या त्याच दिवशी डोंगराकडची गाडी कमी होते. हे कुणी मुद्दाम केलेलं नाही. वेळापत्रक आखताना रविवार हा कामाचा दिवस नाही एवढंच धरलं गेलं, आणि वर्षानुवर्षं तसंच राहिलं. पर्यटनासाठी मात्र रविवार हाच एक कामाचा दिवस असतो.

त्यातही आहे ती फेरी विश्वासाची नाही. चौकशीच्या खिडकीवर 'येईल' एवढंच कळतं. गाडी बिघडली, चालक दुसऱ्या फेरीवर गेला, सणाच्या जादा गाड्यांना आगारातल्या गाड्या गेल्या, की सगळ्यात आधी कात्री लागते ती डोंगरातल्या शेवटच्या फेरीला. आगाराच्या कागदावर ती एक रद्द फेरी. वर फाट्यावर मात्र तीस-चाळीस माणसं, त्यातली निम्मी भिजलेली, अंधार पडेपर्यंत उभी. रेंज नाही, फोन कुणाला करायचा तो नंबर फाट्यावर लिहिलेला नाही. या एका अनुभवानंतर कुटुंब पुढच्या वर्षी एसटीने जात नाही. कर्ज काढून जुनी गाडी घेतं नाहीतर घरी बसतं. मोफत आणि अर्ध्या तिकिटांनी जे प्रवासी आपण मिळवले, ते असे एका रद्द फेरीत हातचे जातात.

जिथे शेवटचा टप्पा नीट जुळला आहे तिथे काय होतं, तेही बघण्यासारखं आहे. पुणे-लोणावळा लोकलने मळवलीला उतरा. भाजे लेणी स्टेशनपासून दोन-अडीच किलोमीटर, चालत. पुढे लोहगडवाडीपर्यंत आणखी दोनेक तासांची चाल, पाच-सहा वर्षांच्या पोराला मध्ये खांद्यावर घ्यावं लागतं, पण जमते. भाजे लेण्यांचं तिकीट माणशी २५ रुपये, १५ वर्षांखालच्या मुलांना काहीच नाही. लोकलचं तिकीट चहाच्या दोन कपांएवढं. एकच काळजी, दुपारी लोकल विरळ असतात, म्हणून परतीची वेळ आधी बघून ठेवायची. लेणी सातवाहन काळातली आहेत म्हणून नव्हे, ती स्टेशनपासून चालत गाठता येतात म्हणून साधी माणसं तिथे जातात.

माथेरान तसंच. नेरळपर्यंत कर्जत लोकल, तिथून दस्तुरीपर्यंत माणशी भाड्याची टॅक्सी, पुढे गाड्यांना बंदीच. पावसाळ्यात, साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, नेरळहून वर येणारी छोटी आगगाडी बंद असते, पण अमन लॉज ते माथेरान ही शटल तेव्हाही चालते. आजीला शटलमध्ये बसवायचं, बाकीच्यांनी लाल मातीतून चालायचं. गाड्या खाली थांबतात म्हणून वर सहल टिकून आहे. पुण्यात सिंहगड पायथ्याची ५० नंबरची सिटी बस हे तिसरं उदाहरण. पायथ्यापर्यंत बस आहे, म्हणून कॉलेजची पोरं आणि निवृत्त मंडळी भल्या पहाटे गडावर दिसतात.

आणि अजिंठा! फर्दापूरच्या टी पॉइंटवर खाजगी गाड्या थांबतात, तिथून लेण्यांपर्यंतचे चार किलोमीटर प्रवाशांना नेणारी गाडी एसटीचीच. सोमवारी लेणी बंद, तो दिवस सोडला तर हे चक्र अखंड चालू. महाबळेश्वर आगाराच्या दर्शन गाड्याही लोकांच्या ओळखीच्या. म्हणजे हे काम आपल्याला येत नाही असं नाही. येतं, आणि चांगलं येतं. परदेशी पाहुण्यांच्या लेण्यांसाठी आणि जुन्या हिल स्टेशनसाठी जे जमलं ते कासच्या फुलांसाठी आणि भंडारदऱ्याच्या काजव्यांसाठी कायमचं का जमू नये? कधी एखाद्या हंगामात कुठल्याशा जागेसाठी गाडी सुटते, झेंडा दाखवतानाचा फोटो छापून येतो, आणि पुढच्या वर्षी ती गाडी आहे की नाही हे फलाटावर जाईपर्यंत कळत नाही. हंगामी गाडीचा हंगाम ठरलेला असतो. मग तिचा भरवसा का ठरलेला नसावा?

कासचंच उदाहरण तपशिलाने घेतो, कारण तिथे आकडे हाताशी आहेत. पठार साताऱ्यापासून सुमारे २५ किलोमीटर. २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत त्याचा समावेश झाला. फुलांचा मुख्य काळ ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरचा पहिला आठवडा, तोही पावसावर अवलंबून. पाऊस लांबला की तेरडा उशिरा, ऊन लवकर पडलं की गेंद आणि सीतेची आसवं लवकर सरतात. म्हणजे जेमतेम पाच-सहा रविवार. वन विभागाने दिवसाला ३,००० पर्यटकांची मर्यादा घातली आणि ऑनलाइन नोंदणी सुरू केली. दोन्ही निर्णय योग्य. पाय पडलेल्या जागी दुसऱ्या वर्षी फूल येत नाही, हे स्थानिक वन समितीची माणसं डोळ्यांनी बघत आली आहेत.

पण नोंदणीत माणूस मोजला गेला, तो येतो कशाने हे मोजलं गेलं नाही. ३,००० माणसं चार-पाच जणांच्या मोटारींतून आली तर सहा-सातशे मोटारी झाल्या. अरुंद घाटरस्ता, दोन्ही बाजूंना उभ्या गाड्या, आणि कोंडीत अडकलेला माणूस आपली नोंदणीची वेळ चुकवून गेटवर हुज्जत घालतो. रेल्वेने येणाऱ्याचं तर आणखी वेगळं. सातारा स्टेशन गावात नाही, माहुलीला आहे, स्टँडपासून सहा-सात किलोमीटर. तिथून स्टँडला रिक्षा, स्टँडवरून कासला जीप. फुलं फुकट दिसली असती तरी एवढ्यातच खिसा रिकामा.

आता चार गाड्यांचा हिशोब. साताऱ्याहून पठाराला घाट चढायला सुमारे एक तास. उतरायला थोडा कमी, वर दहा-पंधरा मिनिटं थांबा, खाली प्रवाशांची चढ-उतार. एक गाडी अडीच तासांत एक चक्कर पुरी करते. सकाळी ७ ते संध्याकाळी ५ या दहा तासांत चार चकरा. चार गाड्या मिळून सोळा फेऱ्या, दर ३५-४० मिनिटांनी एक. ४० आसनांप्रमाणे ६४० माणसं, म्हणजे दिवसाच्या मर्यादेच्या पाचव्या भागाहून जास्त. मोटारींत मोजलं तर सव्वाशे-दीडशे मोटारी घाटात कमी.

पण कागदावरच्या या हिशोबात एक भोक आहे आणि ते आम्हीच दाखवतो, कारण अशा योजना तिथेच फुटतात. जायला माणसं सकाळभर विखरून जातात. परतायला सगळी चार ते सहाच्या दरम्यान फाट्यावर येतात. त्या दोन तासांत चार गाड्या खाली आणू शकतात फक्त १६० माणसं. उरलेली चारशे ऐंशी तिथेच. गोंधळ, ढकलाढकली, मग 'एसटीचा बोजवारा' अशी बातमी, आणि पुढच्या रविवारी गाडी बंद. यावर इलाज वेळेचे गट बसफेरीला जोडण्याचा. सकाळी पहिल्या तीन गाड्यांनी गेलेल्यांच्या तिकिटावरच परतीची फेरी छापलेली असावी, साडेअकरा ते एकमधली. दुपारच्यांची चारनंतरची. परतीची जागा पक्की असेल तर माणूस फाट्यावर धावत येत नाही. वाहकाच्या मशीनमधून निघणाऱ्या तिकिटावर एक ओळ वाढवायची आहे, नवं काही बांधायचं नाही.

गाडी कुठली सोडता यालाही महत्त्व आहे. घाटातल्या वळणांवर १२ मीटरची गाडी समोरून मोटार आली की अडते. ९ मीटरची हवी. वातानुकूलित तर मुळीच नको. भिजलेल्या पोरांना थंडी भरते आणि काचांवर वाफ धरते. मे २०२२ मध्ये सिंहगडावर खाजगी गाड्या बंद करून ई-बस सुरू झाल्या आणि त्याच महिन्यात थांबल्या. गर्दीच्या मानाने अपुऱ्या गाड्या, वळणं, चार्जिंग या अडचणी तिथे उघड्या पडल्या. त्यातून 'शटल चालत नाही' असा अर्थ काढणं सोपं आहे. आमच्या मते अर्थ एवढाच की चढावर चालणाऱ्या ई-बसचं चार्जिंग पायथ्यालाच हवं, आणि खाजगी गाड्या बंद करण्याआधी किमान एक महिना दोन्ही बरोबरीने चालवून गर्दी मोजायला हवी. तोवर डिझेलची लालपरी चालेल.

भंडारदऱ्याची गोष्ट वेगळी आहे, आणि आमच्या मते जास्त निकडीची. मेच्या अखेरीपासून मोठा पाऊस बसेपर्यंत, साधारण जूनच्या मध्यापर्यंत, कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यातली झाडं काजव्यांनी पेटलेली असतात. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ. हा लखलखाट म्हणजे त्यांचं बोलणं आहे. नर चमकतो, खाली गवतात किंवा फांदीवर बसलेली मादी मंद चमकून उत्तर देते. मध्ये मोटारीचा हेडलाइट पडला की संवाद तुटतो. मीलन झालं नाही तर अंडी नाहीत, पुढच्या वर्षी झाड काळंच. अंडी आणि अळ्या दमट मातीत, पानांच्या कुजव्यात वाढतात, म्हणून झाडाखाली गाडी लावणं आणि चालणं हेही तितकंच वाईट.

आणि हा सगळा तमाशा रात्री आठनंतरचा! त्या वेळी सार्वजनिक गाडी कुठली? म्हणून जो येतो तो मोटार घेऊन. शनिवारी रात्री भंडारदऱ्याजवळच्या शेंडी गावापासून घाटघरच्या रस्त्याला हेडलाइटची माळ लागते, आणि लोक काजवे बघायला येऊन एकमेकांचे दिवे बघून परत जातात. इथे चाळीस मोटारींच्या जागी चार बस आणल्या तर गरिबाची सहल होते आणि काजव्यांचंही भलं होतं. दोन्ही गोष्टी एकाच उपायाने साधणाऱ्या जागा फार थोड्या आहेत. शेंडीहून संध्याकाळी सातला गाडी निघावी. ठरलेल्या जागी थांबावी. दिवे मालवून, इंजिन बंद करून. तिथे गावातल्या तरुण वाटाड्यांनी ताबा घ्यावा, लाल कागद लावलेली एक विजेरी सगळ्या गटाला पुरते. साडेदहाला गाडी परत शेंडीत. मुक्काम गावातल्या घरांत, जेवण तिथेच. मुंबईकडून येणाऱ्यांसाठी घोटी किंवा इगतपुरीहून दुपारी एक गाडी हवी, कारण कसाऱ्यापर्यंत लोकल आहे आणि इगतपुरीला लांब पल्ल्याच्या गाड्या थांबतात. पुढचं घोटी-शेंडी अंतरच गळ्याशी येतं. त्याच रस्त्यावर कळसूबाईच्या पायथ्याचं बारी गाव. १,६४६ मीटर, राज्यातलं सर्वोच्च शिखर. त्या गाडीला बारा महिने प्रवासी मिळतील.

आता जिल्हा प्रशासनाला उद्देशून. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या ओढ्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. १५ जून २०२५ ला पुण्याजवळ कुंडमळ्याचा जुना पूल इंद्रायणीत कोसळून चार जणांचा जीव गेला. दोन्ही दिवस रविवार. बंदी घालू नका असं या घटनांनंतर कुणी म्हणणार नाही, आम्हीही नाही. तक्रार बंदीच्या पद्धतीबद्दल आहे.

आदेश निघतो तो सरसकट, महिना-दोन महिन्यांसाठी, तालुकेच्या तालुके धरून. पावसाचं झोडपणं असो की लख्ख ऊन, बंदी तीच. त्यामुळे ती कुणी खरी मानत नाही. पोलीस नाक्यावर अडवतात तेव्हा शंभर किलोमीटर आलेलं कुटुंब परत फिरत नाही, शेजारच्या बिननावाच्या ओढ्यावर जातं, जिथे ना दोर आहे, ना जीवरक्षक, ना फलक. बंदी घातलेल्या जागेपेक्षा ती जागा जास्त घातक.

हवामान खात्याचे इशारे रंगांत येतात. त्यांना आदेश जोडा. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून जोरदार पाऊस, ११५.६ पासून अतिजोरदार, २०४.५ च्या पुढे अत्यंत जोरदार, ही खात्याचीच वर्गवारी आहे. पिवळ्याला धबधब्याखाली जाणं बंद, पण दुरून बघायला मोकळीक. नारिंगीला ओढ्याकाठची सगळी ठिकाणं बंद, पठारं आणि लेणी चालू. लाल असेल तर घाटच बंद. आणि निर्णय आदल्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत, म्हणजे शनिवारी तो एसटी स्टँडवर, रेल्वे स्टेशनवर आणि फोनवर पोचलेला असेल. डबा भरायच्या आधी कळलं तर माणूस घरी राहतो. नाक्यावर कळलं तर नाही राहत.

जे फलक लावता तेही वाचून बघा. 'धोका', 'पाण्यात उतरू नये', 'आदेशावरून'. धोका कशाने होतो ते कुठेच नाही. ओढा वाढतो तो तुमच्या डोक्यावर पडणाऱ्या पावसाने नाही, वर डोंगरात पडलेल्या पावसाने. इथे ऊन असतं आणि पाणी येतं. खुणा ठरलेल्या आहेत: नितळ पाणी गढूळ होतं, पानं-काटक्या वाहून यायला लागतात, खळखळीचा आवाज जड होतो. यातली एक जरी दिसली तरी सामान सोडून लगेच काठावर, आणि ज्या बाजूने परतायचंय त्याच काठावर. ओढ्यामधल्या खडकावर बसून फोटो काढणाऱ्याला हे कळायला मिनिटभर उशीर झाला तरी दोन्ही बाजू बंद होतात. हे चार वाक्यांत, मोठ्या अक्षरांत, चित्रासह लिहिता येतं. कायद्याच्या कलमाला फलकावर दोन ओळी मिळतात, गढूळ पाण्याला एकही नाही.

आणखी एक, ज्याबद्दल बोलायला लाजतात पण ज्यावर घरातल्या बाईचं 'जाऊया' किंवा 'नको' ठरतं: स्वच्छतागृह. पठारावर चार तास, येता-जाता दोन तास, सोबत सासूबाई आणि लहान मूल. वर पाण्याची सोय असलेली स्वच्छतागृहं आणि कपडे बदलायला दोन आडोसे नसतील तर सवलतीच्या तिकिटाचा उपयोग नाही. प्रवेशशुल्क घेता तिथे एवढं असावं.

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. त्यातले अकरा महाराष्ट्रात. खांदेरी, सुवर्णदुर्ग, सिंधुदुर्ग यांना होडी लागणार हे समजू शकतो, पण साल्हेर, राजगड, रायगड यांच्या पायथ्याला रविवारी सकाळी किती वाजता गाडी जाते आणि संध्याकाळी किती वाजता परत निघते, हे एका कागदावर छापलेलं कुणी दाखवावं. नामांकनाच्या फायली बनल्या, पायथ्याच्या गाडीची फाईल बनू द्या. थंडीत भिगवणच्या रोहित पक्ष्यांसाठी हेच म्हणता येईल. रेल्वे भिगवणला सोडते, पक्षी बघायचे कुंभारगावला, ते सकाळी नऊच्या आत, मध्ये गाडी नाही.

आमच्या मागण्या अशा.

महामंडळाने पहिल्या वर्षी फक्त पाच जागा निवडाव्यात. पन्नास नकोत, त्या निभत नाहीत. कास आणि भंडारदरा त्यांत असावेत, बाकी तीन विभाग नियंत्रकांनी सुचवाव्यात. त्या जागांसाठी हंगामातल्या शनिवार-रविवारी सकाळी वर जाणारी आणि संध्याकाळी खाली येणारी फेरी सुरू करावी. शाळेच्या फेऱ्यांच्या ज्या गाड्या रविवारी आगारात उभ्या असतात त्याच वापराव्यात. मुक्कामी गाड्यांना धक्का लावू नये.

शेवटची परतीची फेरी रद्द करायची नाही, हा लेखी नियम असावा. गाडी बिघडली तर आगाराने दुसरी पाठवायची, मग स्टँडवरची लांब पल्ल्याची फेरी अर्धा तास थांबली तरी चालेल. स्टँडवरच्या प्रवाशाला पर्याय असतो, फाट्यावरच्याला नसतो. फाट्यावर वाहतूक नियंत्रकाचा फोन नंबर रंगवून लिहावा.

'आवडेल तेथे प्रवास' हा चार आणि सात दिवसांचा पास उत्तम आहे, पण लांब फिरणाऱ्यांसाठी. एका दिवसाचा कुटुंबपास काढावा: एका विभागात, दिवसभर, पाच जणांपर्यंत. आषाढीला चाळीस प्रवासी जमले की थेट गावातून पंढरपूरला गाडी देता. तोच नियम सोसायट्यांना आणि बचत गटांना सहलीसाठी लावावा. पूर्ण गाडी भाड्याने घ्यायच्या प्रासंगिक कराराचा अर्ज, अनामत रक्कम आणि किमान किलोमीटरची अट यांत साधी माणसं अडकतात.

वन विभागाने रोजच्या मर्यादेतला पाचवा हिस्सा एसटीने येणाऱ्यांसाठी राखून ठेवावा आणि बसच्या तिकिटावरच प्रवेश द्यावा. गाडी उशिरा पोचली तर प्रवाशाची वेळ बुडू नये. काजव्यांच्या काळात अभयारण्यात रात्री सातनंतर खाजगी मोटारी बंद, पण बस सुरू झाल्यावरच, आधी नाही.

जिल्हाधिकाऱ्यांनी सरसकट आदेशाऐवजी रंगांप्रमाणे आदेश काढावेत, आदल्या संध्याकाळी सहापर्यंत, आणि फलक वर सांगितल्याप्रमाणे नव्याने लिहावेत.

हे सगळं नव्या गाड्या, नव्या इमारती न मागता लिहिलं आहे, तेवढं लक्षात घ्यावं. पाचही जागांचं वेळापत्रक हंगामाआधी किमान तीन आठवडे संबंधित स्टँडवर चिकटवलेलं असावं. काजव्यांचं मेच्या पहिल्या आठवड्यात, कासचं ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. जाण्याची वेळ वर, परतीची वेळ खाली, आणि परतीची जास्त ठळक.

आपले,
एसटीने सहलीला जाणारी कुटुंबं